मशिदीचं आपल्याला काय? – ‘राम के नाम’ पाहिल्यावर

गेल्या महिन्यात आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात आनंद पटवर्धन यांचा ‘राम के नाम’ दाखवायचं ठरलं. भिंतीला पांढरी चादर लावली. कॉलेजात जाणाऱ्या एका पोरानं कुठूनतरी प्रोजेक्टर आणला. चर्चेची सुरुवात मी करायची होती. पण सिनेमा सुरू व्हायच्या आधीच वाद पेटला. एक कार्यकर्ता म्हणाला, “दादा, हे त्यांचं त्यांचं भांडण. आपण देव सोडला तेव्हाच सुटलो. मशिदीचं आपल्याला काय?” दुसरा त्याच्याही पुढं गेला. म्हणाला, “आपल्याला काय, असं कसं? तिच्याखाली आपला विहार आहे. मंदिर पण नको, मशीद पण नको, जागा आपली आहे.”

दोघेही चळवळीतले. चौदा एप्रिलला नाचून घरी जाणारे नव्हेत, अभ्यासवर्ग घेणारे. म्हणून त्यांची बोलणी मला उडवून लावता आली नाहीत. हे टिपण त्या दोघांसाठी आहे. सिनेमाची समीक्षा आहेच. पण नुसती सिनेमाची समीक्षा करायला आपण काही फिल्म सोसायटीतले शिष्ट नाही.

आधी सिनेमा. सुमारे सव्वा तासाचा हा माहितीपट. चित्रण मुख्यतः १९९० सालचं, मशीद उभी होती तेव्हाचं. ७ ऑगस्ट १९९० ला व्ही. पी. सिंग यांनी मंडल आयोग लागू करतो म्हणून जाहीर केलं. २५ सप्टेंबरला लालकृष्ण अडवाणींचा रथ सोमनाथहून निघाला. २३ ऑक्टोबरला बिहारात समस्तीपूरला तो अडवला गेला, आणि ३० ऑक्टोबरला कारसेवक अयोध्येत घुसले. या रथाच्या मागं पटवर्धनांचा कॅमेरा फिरतो. सुरुवातीलाच विश्व हिंदू परिषदेनं वाटलेली एक व्हिडिओ फीत दिसते. १९४९ च्या डिसेंबरात मशिदीत रामलल्ला ‘प्रकट’ झाले, तो चमत्कार तीत नटवलेला आहे. मग पटवर्धन त्या रात्रीतला एक महंतच समोर उभा करतात आणि तो सांगतो की आम्ही होतो. चमत्काराची हवा तिथंच जाते. २२-२३ डिसेंबर १९४९ च्या रात्री मूर्ती आपोआप आल्या नाहीत, आणल्या गेल्या, हे पुढं २०१९ साली सुप्रीम कोर्टानंही लिहिलं. ते या माणसानं तीस वर्षं आधी कॅमेऱ्यात धरून ठेवलं होतं.

सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, फिल्मफेअरही मिळालं. आणि ज्या सरकारानं पुरस्कार दिला त्याच सरकारच्या दूरदर्शननं तो दाखवायला टाळाटाळ केली. मशीद पडण्याआधी हा सिनेमा घराघरांत दिसला असता तर मशीद वाचली असती, असं मी म्हणत नाही. सिनेमानं घुमट वाचत नसतात. पण लोकांना निदान ठाऊक असतं की काय शिजतंय.

या सिनेमाची ताकद कशात आहे? तो भाषण करत नाही. विचारतो. रस्त्यावरच्या माणसाला, रथाबरोबरच्या पोराला, महंताला, शेतात राबणाऱ्या बाईला विचारतो आणि गप्प उभा राहतो. आपल्या पुष्कळशा लिखाणात हे नाही. आपण उत्तर आधी लिहितो, माणूस मागाहून शोधतो. अयोध्येच्या आसपासची, खालची म्हणून गणलेल्या जातींची कष्टकरी माणसं यात बोलतात. या भांडणानं आमचं पोट भरत नाही, हे त्यांच्या बोलीतून येतं. ती बोलतात तेव्हा पडद्यावर आपली माणसं दिसल्यासारखं वाटतं. भाषा वेगळी, पण हाताच्या शिरा त्याच.

इथवर माझं कौतुक. आता तक्रार.

सिनेमात एक प्रसंग आहे. मंदिर बांधायला निघालेल्या एका तरुणाला विचारलं जातं, राम जन्मला कधी? कोणत्या काळात? त्याला धड सांगता येत नाही. शहरातल्या सभागृहांत या जागी हमखास हशा पिकतो. आमच्या समाजमंदिरातही पोरं हसली. पण मागं भिंतीला टेकून बसलेला एक माणूस हसला नाही. मला तो ठाऊक आहे. शाळेत आम्ही एका बाकावर बसलो. १९९२ च्या डिसेंबरात तो अयोध्येला गेला होता.

होय, आमच्या वस्तीतला. खोटं कशाला बोलू? परत आला तेव्हा रुमालात विटेचा तुकडा बांधून आणला होता. त्याच्या माईनं तो घरात घेऊ दिला नाही, अंगणातच पडून राहिला. मी त्याच्याशी दोन वर्षं बोललो नाही. मग एके दिवशी विचारलं, कशाला गेलास? तो म्हणाला, “तिकडं मला कुणी जात विचारली नाही रे. पंगतीत मधोमध बसवलं. वाढणाऱ्यानं भाऊ म्हणून वाढलं. गावात कुणी बसवलंय का आपल्याला असं?”

दुसऱ्या वर्षी त्याच्या लग्नाची वरात गावातल्या मारुतीच्या पारापुढून जाऊ दिली नाही. अडवणाऱ्यांत त्याच्याबरोबर अयोध्येला गेलेले दोघे होते. पंगत अयोध्येपुरतीच होती.

सिनेमा तिथं चुकतो असं मला वाटतं. तो त्या पोराची इतिहासाची परीक्षा घेतो आणि पोरगा नापास होतो. शिकलेला प्रेक्षक खूष, की बघा, यांना काही येत नाही. अहो, आमच्या पोराला रामाचा शक सांगता आला असता तरी तो गेलाच असता. तो अज्ञानामुळं गेला नाही, पंगतीसाठी गेला. ज्याला गावानं कधी पानावर बसवलं नाही, त्याला झुंडीनं बसवलं. ही भूक कोणती, हे त्याला कुणी विचारलं नाही. सिनेमानं विचारलं नाही, आणि आपणही विचारलं नाही. आपण त्याला गद्दार म्हणून मोकळे झालो.

झुंड चालवणाऱ्यांना मात्र ही भूक चांगली ठाऊक होती. ९ नोव्हेंबर १९८९ ला अयोध्येत शिलान्यास झाला तेव्हा पहिली वीट कुणाच्या हातून ठेवली? बिहारातल्या कामेश्वर चौपाल यांच्या, म्हणजे एका दलिताच्या. पुढं २०२० साली मंदिराच्या ट्रस्टवरही त्यांना घेतलं. वीट ठेवायला आपला हात चालतो. ट्रस्टवर एक खुर्चीही चालते. गाभाऱ्यात पूजेचा हक्क कुणाचा, ते मात्र कुणी बोलायचं नाही. आणि रथ निघाला कधी? मंडलच्या दीड महिन्यानंतर. ओबीसीच्या पोराला नोकरीचा कागद मिळायची वेळ आली तेव्हा त्याच्या हातात त्रिशूळ दिलं. मित्रांनो, मशिदीचं आपल्याला काय, याचं पहिलं उत्तर हे आहे. ती पाडायला हात आपल्यातूनच गोळा केले जातात.

माझी दुसरी तक्रार पुजारी लालदासांबद्दल आहे. म्हणजे लालदासांबद्दल नव्हे, सिनेमा त्यांच्यावर जो भार टाकतो त्याबद्दल. लालदास हे त्या जागेतले कोर्टानं नेमलेले पुजारी. ते कॅमेऱ्यासमोर शांतपणे सांगतात की हा मतांचा आणि पैशाचा खेळ आहे, परिषदवाल्यांना इथल्या पूजेअर्चेशी काही घेणं नाही. सबंध सिनेमात इतका निर्भय माणूस दुसरा नाही. १९९२ साली त्यांना पुजारीपदावरून काढलं. नोव्हेंबर १९९३ मध्ये गोळ्या घालून त्यांचा खून झाला.

मी हा माणूस पाहून हललो. पण सिनेमा संपल्यावर मनात येतं, यांच्या मागं कोण होतं? सिनेमाची सगळी आशा त्यांच्यावर. खरा हिंदू सहिष्णू असतो, त्याला जागं करा, मग सगळं ठीक होईल, असा सूर निघतो. पण चांगला पुजारी हा अपवाद असतो, आणि अपवादाला व्यवस्था एकटं गाठून मारते. बाबासाहेबांनी काळारामाच्या दारात पाच वर्षं असा चांगला पुजारी उगवायची वाट पाहिली. नाही उगवला.

काळारामाचं मी मुद्दाम काढलं, कारण ते आमच्या घरातलं आहे. माझा आजा त्या सत्याग्रहात होता. २ मार्च १९३० ला नाशकात सत्याग्रह सुरू झाला. हजारो बायाबापड्या मंदिराच्या चारी दारांशी बसल्या. रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. आजाच्या कपाळावर खोक होती, ती तो आम्हा पोरांना हात लावून बघू द्यायचा. मी लहानपणी विचारलं होतं, “आजा, तुला रामाचं दर्शन झालं का?” तो म्हणाला, “दर्शन कुणाला पाहिजे होतं? आम्हाला दार पाहिजे होतं.”

शिकल्यावर कळलं की आजाचं बोलणं बाबासाहेबांच्या पत्रात आहे. ३ मार्च १९३४ ला त्यांनी दादासाहेब गायकवाडांना कळवलं की ही चळवळ आपल्या लोकांना मूर्तिपूजक करण्यासाठी नव्हती. त्यांच्यात जोर यावा, आपली स्थिती त्यांना उमगावी यासाठी होती. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी धर्म सोडण्याची घोषणा केली. दार उघडलं नाही म्हणून त्यांनी दार फोडलं नाही. ते घर सोडून निघाले आणि आपलं घर बांधलं.

याच काळारामात १२ जानेवारी २०२४ ला देशाचे पंतप्रधान आले, आवार पुसलं, आणि दहा दिवसांनी अयोध्येत प्राणप्रतिष्ठा केली. वर्तमानपत्रांत फरशी पुसतानाचे फोटो आले. मला माझ्या आजाची खोक आठवली.

आता आमच्या दुसऱ्या कार्यकर्त्याचं, विहारवाल्याचं बोलणं. ते मी हसण्यावारी नेत नाही. साकेत हे पाली ग्रंथांत मोठ्या नगरांमध्ये गणलेलं आहे. बौद्ध स्थळं पाडली गेली, गिळली गेली, हा इतिहास आहे आणि तो बाबासाहेबांनीच मांडला. ब्राह्मणी प्रतिक्रांतीबद्दल लिहिलं तसं मुसलमानी स्वाऱ्यांत भिक्खू कापले गेले हेही त्यांनी लिहिलं, झाकलं नाही. अयोध्येची जागा बौद्धांची आहे अशी याचिका २०१८ साली सुप्रीम कोर्टात गेली. २०२० साली जमीन सपाट करताना अवशेष निघाले, तेव्हा ते जतन करा म्हणून पुन्हा याचिका झाल्या. त्या कोर्टानं दंड ठोकून फेटाळल्या. अवशेष जपा ही मागणी योग्यच आहे. ते इतिहासाचं काम आहे. पण ‘खाली आमचं आहे म्हणून वरचं नको’ हे वाक्य कुणाचं आहे? ते अयोध्येतल्या झुंडीचं वाक्य आहे. त्यात फक्त नाव बदलून आपण ते म्हणायचं का?

बाबासाहेब काय करत होते ते बघा. २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बुद्धमूर्ती बसवताना ते म्हणाले की पंढरपूरचा विठोबा हा मुळात बुद्ध आहे आणि मी ते सिद्ध करणार आहे. कशानं सिद्ध करणार होते? लेखणीनं. प्रबंध लिहून. चला पंढरपूरला, फावडी घ्या, असं त्यांच्या तोंडून निघालं नाही. त्यांनी एक शब्द टाकला असता तर माणसं गेली असती, एवढी त्यांची हाक होती. कुणी म्हणेल, मनुस्मृती जाळली त्याचं काय? ती २५ डिसेंबर १९२७ ला महाडात आपल्या परिषदेत जाळली, उघडपणे, आम्ही जाळली असं सांगून. कुणाच्या मंदिरात घुसून, कुणाच्या डोक्यावर छप्पर पाडून नव्हे. अन्यायाचं पुस्तक नाकारणं वेगळं. शेजाऱ्याचं प्रार्थनेचं घर पाडणं वेगळं. या दोन्हींतला फरक ज्याला कळत नाही त्यानं विद्रोह हा शब्द वापरू नये.

६ डिसेंबरचं बोलल्याशिवाय हे टिपण पुरं होणार नाही. १९९२ च्या त्या दिवशी मी दादरला चैत्यभूमीच्या रांगेत होतो. बरोबर माय होती, तिच्या फडक्यात भाकर होती. दुपारनंतर रांगेत कुजबुज सुरू झाली. कुणाच्या तरी ट्रान्झिस्टरवर कळलं. संध्याकाळी पाचच्या सुमारास तिसरा घुमट पडला तेव्हा आम्ही मेणबत्ती हातात घेऊन उभे होतो. तो दिवस मुद्दाम निवडला की योगायोग, हा वाद मी घालत नाही. पण त्या दिवसापासून आमच्या शोकाच्या तारखेवर दुसऱ्यांचा ‘शौर्य दिवस’ येऊन बसला, हे खरं आहे. ज्यानं कायदा लिहिला त्याच्या पुण्यतिथीला कायदा पायाखाली घेतला. आणि त्यानंतर मुंबईत काय झालं? श्रीकृष्ण आयोगानं डिसेंबर ९२ आणि जानेवारी ९३ मिळून ९०० मृत मोजले. त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू. घुमट अयोध्येत पडला आणि माणसं मुंबईच्या चाळींत मेली.

आपल्या कवितेत त्या दिवसाचं काय आलं? ६ डिसेंबरवर आपण ढिगानं कविता लिहिल्या. निळा समुद्र आहे, मेणबत्त्या आहेत, बाप गेल्याचा हंबरडा आहे. पण त्याच दिवशी शेजाऱ्याच्या घरी दुसरं मरण झालं, ते फार थोड्या ओळींत सापडतं. मी स्वतः लिहिलं नाही. म्हणजे पटवर्धनांकडं बोट दाखवताना तीन बोटं माझ्याकडंच आहेत. ते रथामागं हिंडले तरी. आम्ही तारीख आपली म्हणून छातीशी धरून बसलो.

पुढचा हिशोब तुम्हाला ठाऊक असावा, तरी लिहितो. १९९१ च्या कायद्यानं १५ ऑगस्ट १९४७ ला जे प्रार्थनास्थळ जसं होतं तसंच राहील असं ठरवलं, अयोध्या तेवढी वगळून. लिबरहान आयोग डिसेंबर १९९२ मध्ये नेमला, अहवाल आला जून २००९ मध्ये. ९ नोव्हेंबर २०१९ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की १९४९ ला मूर्ती ठेवणं बेकायदा आणि १९९२ ला मशीद पाडणंही बेकायदा. मंदिर पाडून मशीद बांधली असं पुरातत्त्व खात्याच्या अहवालावरून म्हणता येत नाही, हेही नोंदवलं. आणि जमीन मंदिराला दिली. मशिदीसाठी पाच एकर दुसरीकडं. ३० सप्टेंबर २०२० ला विशेष कोर्टानं पाडण्याच्या खटल्यातले ३२ च्या ३२ आरोपी सोडले. म्हणजे गुन्हा झाला, पण गुन्हेगार कुणी नाही. ही गोष्ट आपल्याला नवीन आहे का? दलित हत्याकांडांचे निकाल वाचलेल्या माणसाला ही भाषा ओळखीची वाटेल. मढं आहे, मारणारा नाही.

मशिदीचं आपल्याला काय, याचं दुसरं उत्तर इथं आहे. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि निषेधाला उतरलेल्या आपल्या माणसांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दहा गेले. त्यावर ‘जय भीम कॉम्रेड’ हा सिनेमा याच पटवर्धनांनी केला, २०११ साली. आपला पुतळा, आपला विहार, आपली चैत्यभूमी कुणाच्या दयेवर उभी नाही. ती नागरिकाच्या हक्कावर उभी आहे. तोच हक्क मशिदीला आहे, चर्चला आहे, गुरुद्वाराला आहे. आपण देव मानत नाही. पण घटनेच्या पंचविसाव्या कलमात आपला धम्म आणि त्यांचा दीन एकाच ओळीत बसतात. ती ओळ एका बाजूनं उसवली तर दुसऱ्या बाजूनं शाबूत राहील असं समजू नका.

आता कामाचं बोलतो. हा सिनेमा आपापल्या वस्तीत दाखवा. पण हसायच्या जागी थांबवा. तिथं थांबवून विचारा, आपल्यातलं कोण गेलं होतं? त्याला का जावंसं वाटलं? त्याला पंगतीत कुणी बसवलं आणि वरात कुणी अडवली? जो गेला होता त्याला शिव्या देऊ नका, बोलू द्या. जवळच्या मोहल्ल्यातल्या माणसांनाही बोलवा. त्यांच्याशिवाय ही चर्चा म्हणजे मढ्याच्या गैरहजेरीत केलेलं रडणं.

आमच्याकडं त्या रात्री सिनेमा संपला तेव्हा दिवे लागले. मी तयारी करून आणलेलं भाषण केलं नाही. मागच्या भिंतीला टेकलेल्या माझ्या बाकावरच्या दोस्ताला म्हणालो, तू बोल. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तो लालदास बामन होता का कोण होता मला म्हाईत न्हाई. पण तो तिथं असं बोलत होता हे मला त्यावेळी कुणी दाखवलं असतं, तर मी निदान इचार केला असता.” एवढंच. आणि मग त्यानं विचारलं की ही चादर कुणाची, घडी घालू का.

पहिला कार्यकर्ता, ‘आपल्याला काय’ म्हणणारा, माझ्याबरोबर चौकापर्यंत आला. त्याचं पूर्ण पटलेलं नाही. पुढच्या रविवारी अभ्यासवर्गात काळारामाचं पत्र वाचायचं, आणि त्याच्यापुढच्या रविवारी मशिदीच्या बाजूच्या गल्लीत जाऊन सिनेमा दाखवायचा, इथवर तो तयार झाला आहे. चादर आमची, प्रोजेक्टर त्यांचा, असं ठरलंय.

जयभीम.